समुद्राच्या मध्यावर हुकूम कोणाचा

गाडी समुद्राच्या मधोमध अडकली होती. तिसऱ्या डब्यातून धूर येत होता. आणि तिला पुढे न्यायचं की मागे, हे सांगायचा हक्क कोणाचा, यावर दोन सरकारं हुज्जत घालत होती.

गाडी म्हणजे टिश्यूचा डबा. समुद्र म्हणजे बहरीनच्या राजधानीतल्या, मनामातल्या, एका सरकारी इमारतीतलं लांबलचक टेबल. टेबलाच्या मध्ये आमच्या केळकरनं पिवळी चिकटपट्टी लावली होती, ती सरहद्द. पट्टीच्या एका अंगाला बहरीन, दुसऱ्या अंगाला सौदी. डबा अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. आणि गाडीचा ड्रायव्हर मी.

या खेळाला आमच्या धंद्यात ‘टेबलटॉप’ म्हणतात. लुटुपुटूचं संकट टेबलावर मांडायचं आणि प्रत्येकानं आपापलं काम करून दाखवायचं. नियम कागदावर कितीही गोंडस असोत, टेबलटॉपमध्ये त्यांचं पितळ उघडं पडतं.

‘‘गाडी मागे घ्या,’’ बहरीनच्या बाजूचे प्रमुख इंजिनिअर जासिम म्हणाले. ‘‘मागचा रूळ मोकळा आहे. आमची ॲम्ब्युलन्स निघालीय.’’

‘‘गाडी पुढे घ्या,’’ सौदीच्या बाजूचे प्रमुख अबू माजिद म्हणाले. ‘‘आमचे अग्निशामक पुढच्या टोकाला तयार आहेत.’’

दोघांचंही बरोबर होतं. मी डब्यावर हात ठेवून बसून राहिलो.

‘‘मिस्टर अहिरे, थांबलात का?’’ जासिमनी विचारलं.

‘‘साहेब, मला दोन हुकूम आलेत. दोन्ही सरकारी आहेत.’’

‘‘मग ड्रायव्हर काय करेल?’’

‘‘ब्रेक लावेल, खिडकीतून खाली बघेल आणि आपल्याला पोहता येतं का, ते आठवेल.’’

अबू माजिदांना इंग्रजी समजायचं, पण कामाचं बोलणं ते अरबीतच करायचे. त्यामुळे मध्ये दुभाषा होता, इब्राहिम. मूळ रत्नागिरीकडचा, जन्म बहरीनचा. तो माझ्या कानाशी आला. ‘‘अहिरेसाहेब, पोहायचां खरंच सांगू काय?’’

‘‘सांग.’’

त्यानं सांगितलं. कोणी हसलं नाही. केळकरनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. हा केळकर म्हणजे आमच्या सल्लागार कंपनीचा प्रोजेक्ट डायरेक्टर, पुण्याचा, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, पण बॉस. सकाळीच त्यानं बजावलं होतं, ‘‘अहिरे सर, तुम्ही फक्त टेक्निकल बोलायचं. पॉलिसीवर एक अक्षर नाही.’’ पोहणं टेक्निकलमध्ये येतं की पॉलिसीत, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

अबू माजिद डब्यावर वाकले. मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि प्रवासी?’’

‘‘ते आतच आहेत, साहेब. धुरात.’’

इतके दिवस जो मुद्दा सार्वभौमत्व, अधिकारकक्षा वगैरे भारी शब्दांत चालला होता, तो आता एका टिश्यूच्या डब्यात येऊन बसला होता.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे अधांतरी राहाल. मी मनमाडकडचा. आयुष्यभर रेल्वेत कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे गाडी न चालवता गाड्या चालवणारा माणूस. खोलीत बसायचं, समोर सगळ्या रुळांचं चित्र, आणि कोणती गाडी थांबेल, कोणती आधी जाईल, ते सांगायचं. त्याचा शब्द ड्रायव्हर मोडत नाही. रिटायर झाल्यावर केळकरच्या कंपनीनं बोलावलं आणि मी बायकोला, सुनंदाला, घेऊन बहरीनला आलो. हमद टाउनमध्ये फ्लॅट घेतला. तिथले राउंडअबाउट सगळे एकासारखे एक, पहिल्या आठवड्यात मी भाजी आणायला गेलो आणि दुसऱ्याच्याच बिल्डिंगची बेल वाजवून आलो. रुळांवरचा माणूस, रस्त्यावर असाच हरवायचा.

काम होतं ते बहरीन आणि सौदी यांना जोडणाऱ्या, समुद्रावरून जाणाऱ्या नियोजित रेल्वेचं. पूल अजून कागदावर होता. समुद्रात एक खांब नव्हता. आणि तरी दोन देशांचे मोठमोठे अधिकारी आठवडे-आठवडे बसून त्या नसलेल्या पुलावरच्या नसलेल्या गाडीला आग लागली तर काय करायचं, यावर जीव टाकून बोलत होते. मला याचं पहिल्या दिवसापासून नवल वाटत आलं. आपल्याकडे आग लागल्यावर चौकशी समिती बसते. इथे पुलाच्याही आधी बसली होती. मी मनातल्या मनात हात जोडले.

अडचण अशी. जमिनीवर दोन देशांच्या रेल्वे भेटतात, तेव्हा सरहद्दीवर एक स्टेशन असतं. गाडी थांबते, एका देशाचा कंट्रोलर गाडी सोडतो, दुसरा घेतो. इथे सरहद्द समुद्रात. धावत्या गाडीचा ताबा पट्टीवर बदलायचा म्हटलं तर गाडी नेमकी पट्टीवर अडकली की तिला दोन मालक, किंवा एकही नाही. ते तर आम्ही टेबलावर बघितलंच.

दुसरा मार्ग, दोघांची मिळून एक कंट्रोल रूम. पण कुठल्या किनाऱ्यावर? आणि दोन खुर्च्यांपैकी शेवटचा शब्द कुठल्या खुर्चीचा? हे दोन्हीकडच्या वरिष्ठांनी आधीच नाकारलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. आपल्या समुद्रात परक्याचा हुकूम चालवून घ्यायचा, ही साधी गोष्ट नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत रडका. दोन वेगळ्या रेल्वे. दोन्ही समुद्राच्या मध्यावरच्या एका बेटावर येऊन संपणार. प्रवाशांनी तिथे उतरायचं, बॅगा ओढत पलीकडे जायचं, दुसऱ्या गाडीत बसायचं. आणि वरून निरोप आलेला होता की त्या टेबलटॉपच्या बैठकीत एकमत झालं नाही, तर हाच तिसरा मार्ग मंजूर समजायचा.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत जासिम खिडकीशी उभे होते. अराद भागात राहणारे, उंच, कमी बोलणारे. या रेल्वेच्या फाइलबरोबर त्यांचे केस पांढरे झालेले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

‘‘मिस्टर अहिरे,’’ ते म्हणाले, ‘‘माझी मोठी मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली. तिला पहिलं बाळ होणार होतं, तेव्हा मी आणि माझी बायको गाडी घेऊन निघालो. सुट्टीचा दिवस. कॉजवेवर, म्हणजे आताच्या मोटारींच्या पुलावर, ही रांग. आम्ही पोचलो तेव्हा बाळ आंघोळ करून झोपलं होतं.’’

‘‘सुखरूप ना?’’

‘‘अल्हमदुलिल्ला. पण आई वेळेवर पोचली नाही, हे माझ्या बायकोच्या मनातून जात नाही. आता तिचे गुडघे गेलेत. रांगेत तासन् तास मोटारीत बसवत नाही. मी तिला सांगितलंय, रेल्वे येईल, तू इथे बसशील, तिथे उतरशील.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘आता तिला काय सांगू? समुद्राच्या मध्ये उतर, बॅग घे आणि चाल?’’

माणूस एवढा मोठा अधिकारी, पण घरी दिलेला शब्द सरकारी कागदाहून जड असतो. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मागे फिरतो तर अबू माजिद जवळच उभे. त्यांनी ऐकलं का, माहीत नाही. त्यांनी इब्राहिमला बोलावलं आणि मला विचारलं, ‘‘हिंदुस्थानात एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात गाडी जाते, तेव्हा मधल्या रुळावर ती कोणाची?’’

केळकर लांबून बघत होता. पण हा प्रश्न शंभर टक्के टेक्निकल होता.

‘‘साहेब, आमच्याकडे पाठवणारा स्टेशन मास्तर आपल्या मनानं गाडी सोडत नाही. आधी पुढच्याला विचारतो, ‘लाइन क्लिअर?’ म्हणजे, रूळ मोकळा आहे का, घेतोस का गाडी? पुढचा मास्तर आपल्याकडचं बघतो आणि मग हो म्हणतो. एकदा हो म्हटलं की ती जागा त्या गाडीसाठी राखलेली. तो तिथे दुसरं काही घुसवू शकत नाही.’’

‘‘म्हणजे गाडी पाठवणाऱ्याची नाही.’’

‘‘नाही. ये म्हणणाऱ्याच्या गळ्यात.’’

‘‘आणि मधली जमीन कोणाची, हे कोण विचारतं?’’

‘‘कोणीच नाही, साहेब. मधल्या जमिनीत ज्वारी असते.’’

इब्राहिम ज्वारीवर अडखळला. त्यानं काहीतरी सांगितलं. अबू माजिदांनी मान हलवली आणि माळ फिरवत निघून गेले.

आता जे झालं ते दारात झालं. तिकडची एक रीत सांगतो. दोन माणसं दाराशी आली की कोणी आधी आत शिरत नाही. हा म्हणतो ‘तफद्दल’, म्हणजे या, आपण आधी. तो म्हणतो, छे, तुम्ही तफद्दल. दोघांची पदं मोठी असली की हे बराच वेळ चालतं आणि मागची सगळी मंडळी खोळंबते. मी कितीदा मनात म्हटलंय, अरे यल्ला, कोणीतरी हला. मग शेवटी एकजण म्हणतो, ‘अल-यमीन’. यमीन म्हणजे उजवा. जो उजव्या हाताला उभा असेल, तो आधी जातो. वय नाही, हुद्दा नाही, घर कोणाचं हेही नाही. उजवा तो आधी. विषय खलास.

सुट्टी संपून आम्ही परत निघालो. दारात जासिम आणि अबू माजिद. तफद्दल, तफद्दल. शेवटी जासिम म्हणाले, ‘‘अल-यमीन.’’ उजवीकडे अबू माजिद होते. त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. मागे मी केळकरवर आदळलो.

‘‘हे दार कोणाचं?’’ अबू माजिदांनी विचारलं.

‘‘तुमचंच,’’ जासिम म्हणाले. पाहुण्याला हेच म्हणायचं असतं.

‘‘तसं नाही. खरं सांग.’’

‘‘बहरीनचं.’’

‘‘आणि तुझ्या दारातून आधी मी चाललोय. तुझा काही अपमान झाला?’’

‘‘नाही. तुम्ही उजवीकडे आहात.’’

‘‘आता फिर.’’

जासिमना कळलं नाही. अबू माजिदांनी त्यांचा खांदा धरला. दोघंही जागच्या जागी वळले, खोलीकडे पाठ, आमच्याकडे तोंड. त्याबरोबर जासिम उजवीकडे आले.

‘‘जागा तीच,’’ अबू माजिद म्हणाले. ‘‘दार तेच. फक्त जायची दिशा बदलली, तर मान तुझा झाला.’’

इब्राहिम हळू आवाजात माझ्यासाठी मराठी करत होता. माझ्या अंगावर काटा आला होता. जन्मभर रुळांवर काढलेला मी, आणि रोज त्याच दारातून जा-ये करणारा. मला ते दिसलं नव्हतं.

पुलाच्या नकाशात रूळ दोन होते. एक जायचा, एक यायचा. आम्ही सगळे पूल मध्यावर आडवा कापत बसलो होतो, कारण सरहद्द आडवी होती. अबू माजिदांनी तो उभा चिरला. सौदीकडे जाणारा रूळ, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सगळा सौदीच्या कंट्रोलरचा. बहरीनकडे येणारा रूळ, त्या किनाऱ्यापासून या किनाऱ्यापर्यंत, सगळा बहरीनच्या कंट्रोलरचा. गाडी ज्यांच्याकडे निघालीय, हुकूम त्यांचा. ताबा बदलायचा तो किनाऱ्यावरच्या स्टेशनात, गाडी उभी असताना. समुद्रात पट्टी राहील, पण गाडीला ती लागणार नाही.

आम्ही घाईनं आत गेलो. कोणी तफद्दल म्हटलं नाही.

परत डबा पट्टीवर ठेवला. परत धूर. गाडी सौदीकडे निघालेली, म्हणून हुकूम अबू माजिदांचा. पण मी मुद्दाम खोडा घातला. ते माझं कामच होतं.

‘‘साहेब, वारा समोरून आहे. पुढे गेलो तर धूर सगळ्या डब्यांत जाईल.’’

अबू माजिद विचारात पडले. त्यांचे अग्निशामक पुढे, त्यांचं स्टेशन पुढे, त्यांची अब्रू पुढे. मग ते म्हणाले, ‘‘मागे घ्या. बहरीनला न्या.’’

आता सगळ्यांच्या माना जासिमकडे. बहरीनच्या स्टेशनाकडे, बहरीनच्या समुद्रातून, गाडी येणार, आणि तिला आणणारा हुकूम परक्या देशातून आलेला. जासिमच्या कंट्रोलरनं काय करायचं? आपलंच स्टेशन, आपलाच समुद्र, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही? तेवढ्यावरच तर इतके दिवस अडलं होतं. जासिमनी हो म्हटलं तर वरिष्ठांपुढे उद्या त्यांनाच उभं राहायचं होतं. नाही म्हटलं तर बायकोपुढे.

त्यांनी डब्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

‘‘दुसऱ्या रुळावरच्या माझ्या गाड्या मी थांबवतो,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘स्टेशन मोकळं करतो. ॲम्ब्युलन्स प्लॅटफॉर्मवर लावतो. पण या गाडीला माझा माणूस हुकूम देणार नाही. ती तुमची आहे. माझ्या समुद्रात असली तरी.’’

अबू माजिदांनी लगेच उत्तर दिलं. ‘‘आणि तुझी गाडी माझ्या समुद्रात असेल, तेव्हा माझा माणूस तोंड मिटून बसेल. हे मी माझ्या लोकांना सांगेन. मोठ्यानं सांगेन.’’

मी डबा हळूहळू मागे सरकवत बहरीनच्या काठाला आणला. हसू नका, माझे डोळे भरून आले होते. रेल्वेत मी माणसांना खुर्चीसाठी, केबिनसाठी, पंख्याखालच्या जागेसाठी भांडताना बघितलं होतं. इथे दोन राज्यं एकमेकांच्या समुद्रात आपला हुकूम सोडून देत होती, आणि कशासाठी, तर अजून जन्माला न आलेल्या गाडीतल्या माणसांसाठी. एवढं मोठं मन मी सरकारी खोलीत कधी बघितलं नव्हतं. केळकरही गप्प होता, आणि पुणेकरानं गप्प बसणं हीसुद्धा त्या दिवशीची एक नोंद घेण्यासारखी गोष्ट.

पुढचं सगळं कलमाच्या मजकुराचं काम. एक रूळ बंद असेल तर काय, दोन्हीकडे एकदम गडबड झाली तर काय, बचाव पथकं कोणाच्या हुकमानं पुलावर चढणार. प्रत्येक ठिकाणी आम्ही तोच प्रश्न विचारायचो, गाडी कुणीकडे तोंड करून होती? बहुतेक वेळा उत्तर निघायचं. नाही निघालं तिथे भांडलो. एकदा अबू माजिद आणि जासिम इतके तापले की इब्राहिम मला म्हणाला, ‘‘ह्यातला अर्धां मी सांगतच नाय, तुम्ही समजून घ्या.’’

केळकरला वेगळीच पंचाईत. ‘‘अहिरे सर, मिनिट्समध्ये हे कसं लिहू? प्रमुखांनी दारात एकमेकांना फिरवलं, असं?’’

‘‘लिही, सखोल चर्चा झाली.’’

त्यानं तसंच लिहिलं. पण नाव मात्र दाराचंच पडलं. अरबीत कलमाला ‘बंद’ म्हणतात आणि दाराला ‘बाब’. दोन्हीकडचे अधिकारी त्या कलमाला ‘बंद अल-बाब’ म्हणू लागले. पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, दार बंद झालं, बोलणी फिसकटली. इब्राहिमनं अर्थ सांगितला आणि स्वतः पोट धरून हसला.

वरून प्रश्न आले, भरपूर आले. जासिम त्यांच्या वरिष्ठांपुढे उभे राहिले, अबू माजिद त्यांच्या. आत काय बोलणं झालं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पण कलम मंजूर होऊन आलं. तिसरा मार्ग फाइलीतून बाद झाला.

त्यानंतर एका शुक्रवारी जासिमनी मला आणि सुनंदाला अरादला घरी जेवायला बोलावलं. इब्राहिमही होता. जेवण झाल्यावर त्यांच्या पत्नी, उम्म ईसा, भिंतीचा आधार घेत येऊन सुनंदाशेजारी बसल्या. बसताना त्यांचा चेहरा दुखण्यानं आकसला. मग त्यांनी इब्राहिममार्फत मला विचारलं, ‘‘मध्ये उतरायचं नाही ना?’’

‘‘नाही. इथे बसायचं, तिथे उतरायचं.’’

‘‘आणि मध्येच काही झालं, तर सांगणार कोण? हे?’’ त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

जासिम जरा अवघडले. ‘‘जाताना तिकडचे,’’ ते म्हणाले. ‘‘येताना आपले.’’

उम्म ईसांनी मान डोलावली. ‘‘बरोबर आहे. लेकीकडे निघालं की जावयाचंच ऐकावं लागतं.’’ मग त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. ‘‘पूल कधी होणार?’’

खोलीत आम्ही दोघं रेल्वेचे जाणकार. कोणालाच सांगता येईना. शेवटी जासिम म्हणाले, ‘‘इंशाल्ला.’’

‘‘इंशाल्ला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी थांबते.’’

पूल अजून झालेला नाही. मला मात्र एवढं कळलंय की एका रुळावर एकामागून एक कितीही गाड्या चालतात, पण दोन मालक चालत नाहीत. रेल्वेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन सरकारांना शिकायला जरा जास्त वेळ लागला, तरी ती शिकली, आणि थांबणाऱ्या बाईचे गुडघे पुरते बसायच्या आधी पूल व्हावा, एवढंच आता राहिलंय.